उजव्या पायाची कळी

ज्या पत्राला विठूनं उत्तर दिलं नाही ते निळं आंतर्देशीय होतं, शहापूरच्या वाचनालयाच्या पत्त्यावर आलेलं. आत नऊ वाक्यं होती. अठ्ठेचाळीस वर्षांत ती त्याला इतकी पाठ झाली होती की पत्र उघडायची गरज उरली नव्हती. तरी वर्षातून एकदोनदा तो फळीवरचा शब्दकोशाचा जाड खंड खाली काढी, मध्ये ठेवलेलं पत्र उलगडी आणि आपण पाठ केलंय तेच खरोखर लिहिलेलं आहे ना, याची खात्री करून घेई. स्वतःच्या आठवणीवरही त्याचा फारसा विश्वास नव्हता.

‘श्री. विठू यांस सुंदराचा नमस्कार. बाईमाणसानं पत्र लिहिलं म्हणून राग मानू नये. माझी कळी तुमच्यापाशी राहिली आहे. बाबांना ठाऊक नव्हतं. मी अजून कुणापाशी बोलले नाही. ती तुम्हाला शोभते हे मी बघितलं आहे. पण माझं लग्न ठरतं आहे, त्याच्या आत तिचं काय ते करा. फाडू नका. दोन ओळींनी कळवा.’

सुंदरा म्हणजे किन्हवलीच्या बाजारातल्या टेलरमास्तरांची मुलगी. आई वारल्यावर ती मुरबाडला मावशीकडे राहायला गेली होती, तिथून तिनं हे लिहिलं. विठू तेव्हा बावीस वर्षांचा होता आणि वाचनालयात नुकताच लागला होता. दिवसभर कवितांची पुस्तकं हाताळणाऱ्या मुलाला ‘माझी कळी तुमच्यापाशी राहिली’ असं कुणी लिहिलं तर तो त्याचा काय अर्थ लावणार? त्यानं तोच लावला. बाबांना ठाऊक नव्हतं, म्हणजे मुलीच्या मनातलं बापाला ठाऊक नव्हतं. फाडू नका, म्हणजे हे पत्र फाडू नका. त्यानं ते फाडलं नाही. तेवढं एकच त्याला जमलं.

उत्तरं त्यानं अकरा लिहिली. एकात हो होतं, दोनांत नाही होतं, उरलेल्यांत काय होतं ते त्यालाही सांगता आलं नसतं. पेटीत एकही पडलं नाही. त्या वैशाखात सुंदराचं लग्न होऊन ती मुरबाडच्या पुढं सरळगावला गेली. विठू मग लग्नाच्या फंदातच पडला नाही. त्याचं पुस्तकांशी लग्न लागलंय असं घरातले म्हणत आणि तो ते चालवून घेई. दोन ओळी मागितल्या त्या ज्याला देता आल्या नाहीत, त्यानं दुसऱ्या मुलीच्या गळ्यात माळ घालायची कशी, हा त्याचा आतला हिशेब होता आणि तो त्यानं कुणाला दाखवला नव्हता.

हे सगळं त्याला त्या रविवारी सकाळी आठवायचं काही कारण नव्हतं. घरात संदेशच्या हळदीची गडबड होती. संदेश हा थोरल्या भावाचा, धाऊदादाचा नातू. वाशिंदच्या कारखान्यात लागलेला. हळद गुरुवारी होती आणि त्याच्या मित्रांनी ती ‘रेट्रो’ करायची ठरवली होती. आलेल्या प्रत्येकानं जुन्या फॅशनचे कपडे घालायचे. मोबाइलवरून तसं आमंत्रणही गेलं होतं. धाऊदादाला बरेच दिवस रेट्रो हे डीजेवाल्याचं नाव वाटत होतं. सकूवहिनीला कुणीतरी नीट समजावल्यावर ती म्हणाली होती की मग मला वेगळं काय करायचंय, मी अशीच येते.

जुने कपडे शोधायचे म्हणून वहिनीची पत्र्याची पेटी ओटीवर आणली होती. संदेशची बहीण स्नेहल तिच्यासमोर मांडी घालून बसली होती. कल्याणच्या कॉलेजात जाणारी ही मुलगी घरातल्या कुठल्याही वस्तूला ‘हे मी घेऊ?’ असं विचारायची. विठू आरामखुर्चीत वर्तमानपत्र धरून बसला होता. वाचत नव्हता. घरात चार माणसं बोलत असली की तो वर्तमानपत्र धरायचा.

“हळू काढ गो,” वहिनी म्हणाली, “जुना कापड हाय, फाटल.”

एक लुगडं निघालं, दुसरं निघालं, बाळंतविडा निघाला. मग तळातून स्नेहलनं एक निळी पँट ओढून काढली आणि उभी राहून दोन्ही हातांनी कमरेशी धरली. गुडघ्यापर्यंत पँट घट्ट, खाली सुपासारखी पसरलेली. डाव्या पायाचा घेर निळाच होता. उजव्या पायात मात्र गुडघ्यापासून टाचेपर्यंत अंजिरी रंगाचा तिकोनी तुकडा, त्याला हिरवा काठ.

“ही कोणाची?”

सगळे हसले. संदेशची आई रुपा चहाचे कप घेऊन आली होती, ती दारातच थांबली. संदेशनं मोबाइल काढला. विठूनं वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि पुन्हा उचललं.

ती पँट जळाली होती. निदान अठ्ठेचाळीस वर्षं त्याची तशी समजूत होती. वडिलांनी, म्हणजे आबांनी, न्हाव्याला ओटीवर बसवून विठूचे मानेवर रुळणारे केस उतरवले तो प्रसंग घरातल्या लहान पोरांनाही ठाऊक होता. त्याच दिवशी पँट गेली, खांद्यापर्यंत कॉलर येणारा फुलांचा शर्ट गेला आणि ठाकूरवाडीतल्या हिरीनं ओवून दिलेली पांढऱ्या-लाल मण्यांची माळ गेली. परसात धूर झाला होता. विठूनं जाऊन बघितलं नव्हतं.

“तात्या, ही तुमची?” स्नेहलनं विचारलं.

घरात सत्तरीच्या विठूला सगळी मुलं तात्या म्हणत. माझी म्हणावं तर त्या पँटमध्ये जो फिरायचा तो आपणच होतो का, याचीही त्याला आता खात्री देता येत नव्हती.

कारण तो मुलगा लाजत नसे. विठूला लहानपणापासून चारचौघांत जायचं म्हणजे घाम फुटे. दुकानात काय हवं ते सांगताना त्याची जीभ अडे. पण ती पँट, तो शर्ट आणि बायकांच्या गळ्यातली म्हणून बाकीचे हसत ती माळ घालून तो शनिवारच्या बाजारातून या टोकापासून त्या टोकापर्यंत जाई आणि त्याला काही होत नसे. सगळे कपड्यांकडे बघत. कपड्यांच्या आत तो अगदी निवांत असे. जसं कुणी पडद्याआड उभं राहून गंमत बघावी तसं. त्याला हिप्पी म्हणत, नाच्या म्हणत, एकदा एसटीतून कुणी तरी शीळ घातली. तो मान वर करून चालत राहिला होता. आणि त्या एकाच पायातल्या रंगीत तुकड्याची तर अशी चाल पडली की महिन्याभरात गावातली चार पोरं आपल्या पँटीला उजव्या पायात आईच्या लुगड्याचे तुकडे लावून घेऊन आली. एका पायाची फॅशन मुंबईला निघालीय असं त्यांनीच शहापूरला पसरवलं.

“आजोबांची बेलबॉटम,” असं लिहून संदेशनं तोवर तिचा फोटो सगळ्यांना पाठवूनही दिला होता. “हळदीला मी हीच घालणार. फायनल.”

विठूनं वहिनीकडे बघितलं. वहिनी लुगड्याची घडी घालत होती.

“वयनी, ही जळाली व्हती ना?”

“शर्ट जळला,” ती मान खाली घालूनच म्हणाली. “माळ तुटली. ही मी राखेच्या टोपलीखाली सारली. नवा कापड व्हता, जाळायचा कशाला?”

लग्न होऊन वर्ष झालेली सून तेव्हा सासऱ्यासमोर पदर खाली येऊ देत नव्हती. तिनं हे केलं होतं आणि एवढी वर्षं जेवायला वाढताना कधी एका शब्दानं बोलली नव्हती. हा आपल्यावर उपकार की आपल्यापासून चोरी, हे विठूला ठरवता येईना.

अकराच्या सुमाराला सुनिल टेलर आला. त्याला घरच्या पुरुषांच्या झब्ब्यांची मापं घ्यायची होती. टेलरमास्तरांचा तो नातू, बाजारातलं आजोबांचं दुकान आता तोच चालवायचा. टेप गळ्यात टाकून तो ओटीवर आला तशी संदेशनं त्याच्यापुढं पँट धरली. कंबर दोन इंच सैल कर, मांडीत थोडं सोड, बाकी हात लावू नको.

सुनिलनं पँट उलटी केली. शिवण बोटांनी चाचपली. “आजोबांची शिलाई हाय ही. बघा, असा दोरा दुहेरी घ्यायचे.” मग त्याचा हात उजव्या पायावर आला आणि तो जरा थांबला. त्यानं पँट उजेडात नेली, अंजिरी तुकड्याचा काठ अंगठ्यानं दोन वेळा घासला.

“ही कळी तुमच्याकडं कुठून आली?”

विठूनं वर्तमानपत्र खाली घेतलं.

“काय म्हणालास?”

“कळी.”

“कळी म्हणजे?”

सुनिलला वाटलं म्हातारा ऐकू कमी येतंय म्हणून विचारतोय. त्यानं आवाज चढवला. “आमच्या धंद्यातला शब्द, तात्या. खाली घेर पायजे असला का शिवण उसवून असा तिकोनी तुकडा घालतात. त्याला कळी म्हनतात. झग्याला, सदऱ्याला, सगळ्याला असते.”

विठूनं मान हलवली. समजलं अशी हलवली, पण समजायला जो वेळ लागणार होता तो अजून पुढं होता.

सुनिल रुपाकडे वळून बोलत राहिला. त्याच्या आजीचं एकच बरं लुगडं होतं, अंजिरी, हिरव्या काठाचं. ती वारली तेव्हा सुंदराआत्यानं त्याचा पदर कापून गाठोड्यात ठेवला होता. त्यांच्या घरात रीत होती, आई नसलेल्या मुलीनं लग्नात आईच्या पदराचा तुकडा चोळीच्या आत, छातीशी लावायचा. आजोबांना ते ठाऊक नव्हतं. कुणाच्या तरी पँटीला कापड कमी पडलं, तर त्यांनी चिंध्यांचं समजून त्या गाठोड्यातून कळी कापली. आत्याला कळलं तेव्हा एक पोरगा ती घालून बाजारातून मिरवत होता.

“आत्या अजून सांगते,” सुनिल म्हणाला. “आईशिवाय बोहल्यावर गेले म्हनते. पोरगा कोन व्हता ते मात्र सांगत नाय. कितीदा इचारला.”

मग हळूहळू सगळ्यांच्या माना आरामखुर्चीकडे वळल्या.

विठूच्या डोक्यात नऊ वाक्यं एकेक करून उलटी होत होती, सुनिलनं पँट उलटी केली तशी, आणि आतल्या बाजूला वेगळीच शिवण दिसत होती. बाबांना ठाऊक नव्हतं. हो. मी कुणापाशी बोलले नाही. हो. लग्नाच्या आत तिचं काय ते करा. फाडू नका. अरे देवा, फाडू नका.

एका मुलीनं आईच्या लुगड्याचा तुकडा परत मागितला होता. बस. दोन ओळी. ‘पाठवतो’ एवढा एक शब्द चालला असता. आणि आपण त्या तुकड्यावर एक अख्खं आयुष्य शिवून बसलो. चूक एक केली आणि पश्चात्ताप मात्र दुसऱ्याच चुकीचा केला. त्याला हसू येत होतं का रडू हे त्याला कळेना, म्हणून त्यानं चष्मा काढून पुसला.

“ती कळी काढ,” तो सुनिलला म्हणाला.

“काढू?”

“उसव. मला ती पाठवायचीय.”

संदेश उठून उभा राहिला. फोटो सगळीकडं गेलाय, मित्रांनी त्यावर काय काय लिहिलंय, आता कळी काढली तर ती पँट राहील का, असं तो बोलत होता आणि त्याचं खोटंही नव्हतं. त्याचा बाप शेखर इतका वेळ मंडपवाल्याशी फोनवर होता. तो आत आला आणि सगळं ऐकून त्याची भलतीच काळजी सुरू झाली. सरळगावची बाई आता नातवंडांची आजी असणार. तिच्या घरी या वयात तात्यांचं पत्र जायचं, वर कपडा जायचा. तिथले लोक काय म्हणतील? शिवाय घरात लग्न आहे. सुनिलचं इथं ऐकणंही शेखरला आवडत नव्हतं, पण त्याला जा कसं म्हणणार, मापं राहिली होती.

“काय म्हनतील?” रुपा म्हणाली. ती सहसा नवऱ्याच्या विरुद्ध चारचौघांत बोलत नसे. “बाईच्या आईचा पदर हाय तो. यात बोलायचा काय?”

“तू गप.”

“का गप? माझ्या आयचा असता तं?”

धाऊदादा इतका वेळ खांबाला टेकून तंबाखू मळत बसला होता. विठूला त्याची बाजू माहीत होती. केस लांब ठेवतो, बायकी माळ घालतो, गावात तोंड दाखवायला जागा ठेवत नाही, हे आबांच्या आधी दादाच बोलायचा. म्हणून तो आता पँट पुन्हा पेटीत टाका म्हणेल असं सगळ्यांना वाटलं.

“म्हशाच्या जत्रंला मी घालून गेलतो,” दादा म्हणाला.

“काय?”

“ही पँट. दुसऱ्या वर्षी, पौषात. पेटीत दिसली. बैल बगाया जातो सांगितला आबाला आन् वाटंत आडोशाला बदलली.” त्यानं तंबाखूची चिमूट तोंडात टाकली. “कंबरंचा हुक मीच तोडला. मला व्हत नव्हती.”

वहिनीला ठाऊक होतं, तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं. संदेश आणि स्नेहल एकमेकांकडे बघून हसू दाबत होती. विठूला मात्र हसू आलं नाही.

“न्हावी तूच आणलास ना, दादा?”

“मीच. आबाला मीच सांगितला, याचे क्यास काढा.” दादा अंगणाकडे बघत बोलत होता. “तू बाजारातना जायचास तवा सगळे बगायचे. माझ्याकडं कोन बगतो रे? मी भात लावायचो. जत्रंत दिवसभर फिरलो. लोकं वळून वळून बगत व्हती. संध्याकाळी काढून ठेवली मंग. पुना नाय घातली.”

एवढं बोलून तो उठला आणि पिंक टाकायला बाहेर गेला. सत्तर वर्षांत विठूनं त्याच्या तोंडून एवढं लांब कधी ऐकलं नव्हतं. दादावर रागवायचं राहून गेलं होतं, ते आता रागवावं की त्याला विचारावं की जत्रेत कसं वाटलं तुला, हे त्याला समजेना. विचारावंसं वाटलं हे खरं.

“तिचाच कागद ना तो?” वहिनी हळूच म्हणाली. ती खुर्चीजवळ येऊन बसली होती. “निळा. तुमच्या सदऱ्याच्या खिशात व्हता. मी धुवाया घेतला तवा वाचला. चौथीपत्तुर मलाबी येतो वाचाया.”

विठूनं चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

“मी पन तसाच समजले, भाऊजी. म्हनून तर मुली बगताना मी कधी जोर केला नाय. म्हटला, मनात हाय कोनी तं राहू दे.”

“तसं नव्हतं, वयनी. कपडा मागितला होता तिनं.”

“असंल,” वहिनी म्हणाली.

स्नेहलनं पत्र बघायला मागितलं. विठू आत जाऊन ते घेऊन आला. एवढी वर्षं ज्याची घडी त्यानं एकट्यानं उघडली तो कागद त्यानं त्या मुलीच्या हातात दिला आणि दिल्याबरोबर त्याला परत घ्यावासा वाटला. ती दोनदा वाचून गेली. संदेश तिच्या खांद्यावरून वाचत होता. वाचून झाल्यावर त्यानं पँट बहिणीच्या मांडीवरून उचलली आणि सुनिलपुढं ठेवली.

“पण तात्या,” स्नेहल म्हणाली, “नुसता कपडा परत मागायचा तर मधेच हे कशाला? ‘ती तुम्हाला शोभते हे मी बघितलं आहे.’”

“ते आपलं... रागावू नये म्हणून.”

“आणि सुनिलदादाच्या आजोबांना सांगायचं की, कोणाच्या पँटला लावली ते. ते मागून आणले असते. तुम्हालाच का लिहिलं?”

विठूनं पत्रासाठी हात पुढं केला. आत्ताच कुठं एक अर्थ पुसून दुसरा लिहिला होता, तोही ओला असतानाच या मुलीनं त्यावर बोट फिरवलं.

सुनिलनं पाटावर बसून ब्लेडनं टाके कापायला घेतले. काम सावकाश चाललं होतं. एकेक टाका तुटे, तो फुंकर मारून दोरा उडवी. बाहेरचा कपडा वर्षानुवर्षं पेटीच्या घडीत विटून राखाडी झाला होता. पण शिवणीच्या आत दुमडलेली बोटभर पट्टी उघडली तेव्हा तिथला अंजिरी रंग जसाच्या तसा होता. ओल्या अंजिरासारखा. रुपानं पुढं होऊन त्याला हात लावला.

“घ्या,” सुनिल म्हणाला. “उद्या जानारच हाय मी सरळगावला. नेऊ मी? आत्या लय खूश व्हईल.”

“नको. पत्र टपालानं आलं होतं.”

यावर शेखरनं डोळे मिटून घेतले. पँट आता दोन वेगळ्या पायांची झाली होती. एक पसरलेला, एक फाटक्या शिवणीतून उघडा पडलेला. वहिनीनं मघाच्या घडीतलं हिरवं लुगडं सुनिलच्या पुढ्यात टाकलं.

“यातली काढ. हाय तशीच कापायची, त्याच मापाची.”

“आजी, तुझं लग्नातलं ना?” स्नेहलनं विचारलं.

“मंग? पेटीत ठेवून मी काय त्याचा लोणचा घालू? नातवाला घालू दे.”

दुपारी सगळे जेवून लवंडल्यावर विठूनं शब्दकोशाचा खंड खाली काढला. इतकी वर्षं पत्र त्यात होतं. त्यानं ‘क’ काढला. कळी. फुलाची न उमललेली अवस्था. त्याखाली दुसरा अर्थ, बारीक अक्षरात: वस्त्रास घेर येण्यासाठी शिवणीत घालतात तो तिकोनी तुकडा. अवघड शब्द बघायला त्यानं हा ग्रंथ शेकडो वेळा उघडला होता. कळीसारखा सोपा शब्द कोण कोशात बघतो? पत्र होतं तिथून ते पान बोटाच्या दोन पेरांवर होतं.

मग तो लिहायला बसला. पहिल्या कागदावर खुलासा सुरू झाला आणि संपेचना. कविता आल्या, वाचनालय आलं, आबा आले. तो बाजूला ठेवला. दुसऱ्यावर ‘क्षमस्व’ लिहिलं आणि त्या शब्दाकडे बघत बसला, कारण कशाची क्षमा मागायची हेच नक्की होईना. न पाठवलेल्या कळीची, की न पाठवलेल्या उत्तराची? दोन्ही एकच होती का? स्नेहल पाणी घेऊन आली, टेबलाशी घुटमळली.

“तिनं दोनच ओळी मागितल्या होत्या, तात्या,” ती म्हणाली आणि गेली.

सोमवारी सकाळी अंगणात मंडपाचे बांबू उतरत होते. संदेश नव्या हिरव्या कळीची पँट घालून आरशासमोर वाकडातिकडा होत होता आणि वहिनी, पाय जरा पसरून चाल रे, तुझ्या आज्यासारखा चालू नको, असं सांगत होती. विठूनं इस्त्रीचा सदरा घातला. जाताना थांबून संदेशकडे बघितलं. काहीतरी बोलायचं होतं.

“मान वर,” तो म्हणाला. “लोकं हसली तर हसू दे. मान वर ठेवायची.”

पोस्टाच्या खिडकीशी त्याच्यापुढं दोन माणसं होती. पाकीट त्यानं छातीशी धरलं होतं. आत कागदात गुंडाळलेली कळी आणि तिच्यावर पत्र. ते त्यानं घरी इतक्यांदा वाचलं होतं की तेही आता पाठ झालं होतं.

‘श्रीमती सुंदराबाई यांस विठूचा नमस्कार. कळी पाठवत आहे, फाडली नाही. त्या शब्दाचा अर्थ मला काल कळला, म्हणून उत्तराला उशीर झाला. ती मला शोभते असं तुम्ही लिहिलं होतं. तसं मला कुणी म्हटलं नव्हतं. तेव्हा आभार मानायचे राहिले, ते आता मानतो.’

दोनाच्या सहा ओळी झाल्या होत्या. कमी करता आल्या नाहीत.

“आत काय आहे?” खिडकीतल्या मुलीनं विचारलं.

विठूची जीभ अडली. मागं कुणीतरी घसा खाकरला.

“कळी,” तो म्हणाला.

मुलीनं वर बघितलं. फूल टपालानं जात नाही, आजोबा, सुकतं, असं ती म्हणाली. ती थट्टा करत नव्हती.

“फूल नाही,” विठू म्हणाला. मग थांबला. “कापड आहे.”

तिनं पाकिटावर शिक्का मारला, पावती फाडून दिली आणि पाकीट मागच्या थैलीत टाकलं. विठू खिडकीशी उभाच राहिला, मागच्या माणसानं हलकेच बाजूला सारेपर्यंत.